करडई, काटेरी आणि बिनकाट्याची

मुंबईच्या विमानतळावर जे झालं त्यात सुजीतची काही चूक नव्हती, असं सुजीतचं म्हणणं आहे. आणि हे लिहिणाराही तोच असल्यामुळे त्याचं म्हणणं आधी ऐकून घेतलेलं बरं. बॅग दोन किलोनं जास्त भरली. काउंटरवरची मुलगी गोड हसली, पण तसूभरही विरघळली नाही. "सर, थोडं कमी करा." मागे बहरीनला निघालेली अख्खी रांग. अशा वेळी माणूस जमिनीवर बॅग उघडून बसतो आणि सगळ्या गावाचं सामान चव्हाट्यावर येतं: काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, कुणाच्या सुनेचे शिवून आलेले ब्लाउज, कुणाचं गुडघ्याला लावायचं तेल. आखातात जाणाऱ्याच्या बॅगेत त्याचं स्वतःचं फक्त बनियन असतं.

सगळ्यात जड निघाली ती चिवड्याची बरणी. चिवडा हलका असतो खरा, पण गोदाबाईंचा नाही. त्यात पोह्यांपेक्षा शेंगदाणे आणि खोबरंच जास्त. धाकटा भाऊ हरिदास बहरीनला उपाशी मरतोय अशी गोदाबाईंची वीस वर्षांपासूनची समजूत, म्हणून ती बरणी. सुजीतनं झाकण काढलं. रांगेतल्या मंडळींनी ओंजळी पुढे केल्या आणि बघता बघता बरणी रिकामी झाली. मग त्याला दिसल्या दोन कागदी पिशव्या. दोन्हीत करडईचं बी, त्यातली एक कोपऱ्यात फाटलेली. एका हातात रिकामी बरणी, दुसऱ्या हातात गळकी पिशवी. त्यानं दोन्ही पिशव्या बरणीत ओतल्या, झाकण घट्ट लावलं, कागद कचऱ्यात टाकले आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन विमानात झोपून गेला.

त्या कागदांवर मामानं पेनानं ठळक लिहिलं होतं. एकावर 'काटेरी', दुसऱ्यावर 'बिनकाट्याची'.

बहरीनला, झिंज भागातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पुष्पामावशीनं बॅग रिकामी केली. मसाला बाजूला, चटणी बाजूला. बरणी उजेडात धरून तिनं विचारलं, "सुज्या, दुसरी पिशवी कुठंय?"

"त्यातच आहे मावशी."

"त्यातच म्हंजे?"

"दोन्हीत करडईच होती ना?"

बोलणारी बाई गप्प झाली की घरातल्यांनी चपला शोधाव्यात. मावशी नुसती बरणीकडे बघत राहिली, एखाद्याच्या रिपोर्टमध्ये नको तो आकडा दिसावा तशी.

सोफ्यावरून हरिदासकाकांनी हळूच विचारलं, "आणि चिवडा?"

पुष्पलता ही सुजीतच्या आईची धाकटी बहीण; बहरीनला कामाला असलेला सुजीत तिच्याकडेच राहतो. औसा तालुक्यातल्या एका वस्तीवर वाढली, लातूरला लॅब टेक्निशियनचा कोर्स केला, लग्नानंतर हरिदासकाकांच्या मागोमाग बहरीनला आली. काका एसी दुरुस्तीच्या कंपनीत आणि मावशी सलमानिया इस्पितळाजवळच्या एका खासगी लॅबमध्ये. तिथं ती रक्त काढते. रक्त सगळेच काढतात. मावशी काढते तेव्हा माणसाला कळत नाही, एवढाच फरक. हे तिला ठाऊक आहे, आणि तिला ठाऊक आहे हे लॅबलाही ठाऊक आहे, कारण ती स्वतःच सांगते. "माझ्याकडं लहान लेकरू रडलं तर ते भुकेनं रडलेलं असतंय," असं ती म्हणते आणि वर हसतही नाही.

हाजी मक्की हे तिचे कायमचे गिऱ्हाईक. सत्तरी ओलांडलेले, रक्त पातळ करायच्या गोळीवर असलेले, म्हणून दर थोड्या दिवसांनी तपासणी. त्यांची शीर कुणाला सापडत नसे. एका सकाळी मावशीला पहिल्याच झटक्यात सापडली, तेव्हापासून ते दुसऱ्या कुणाला हात देत नाहीत. अरबी जिभेला 'प' जड जातो, म्हणून ते तिला 'बुश्बा' म्हणतात. त्यांची बुदैयाकडे खजुरांची बाग आहे. खजुरांच्या कडेला तारेच्या कुंपणाला लागून एक मोकळा पट्टा होता. एकदा दंडाला पट्टा बांधून घेताना हाजी सांगत होते, की त्यांची आई त्या जागेवर हिवाळ्यात उस्फुर लावायची. पिवळं फूल, मग केशरी, मग लाल. पाकळ्या सुकवून भातात घालायच्या. मावशीनं सुई काढली आणि विचारलं, "हाजी, फोटो है?" फोटो कुठला असणार. मग तिनंच आपल्या मोबाईलवर दाखवला. हाजी म्हणाले, हेच. मावशी म्हणाली, "ये तो हमारा करडई है."

तिथून सगळं सुरू झालं. हाजींनी पट्टा तिला दिला, पण एका हिवाळ्यापुरता. कारण त्यांच्या मुलाला, जाफरला, तिथं पोहण्याचा तलाव बांधायचा होता. त्या भागातल्या निम्म्या बागांत आता तलाव आहेत; शुक्रवार-शनिवार भाड्यानं जातात. जाफर काही दुष्ट माणूस नाही. वडिलांना तो एवढंच म्हणाला होता, की झाडं जगली तर जगली, नाहीतर हिवाळा संपला की खोदकाम. आणि हाजींनी मावशीला सांगितलं होतं, "बुश्बा, मैं मेरा हाथ से फूल निकालेगा. अम्मा जैसा. फिर जाफर कुछ नहीं बोलेगा."

परमुलुखात भाड्याच्या दोन खोल्यांत अर्धं आयुष्य काढलेल्या बाईला मातीचा एक पट्टा मिळाला होता. तो हातून जाऊ द्यायचा नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. म्हणून वाणाची निवड तिनं महिनाभर फोनवर भावाशी, म्हणजे सुजीतच्या मामाशी, घासाघीस करून पक्की केली होती. कुंपणाच्या बाजूला काटेरी, कारण पलीकडच्या शेळ्या. शिवाय काटेरीला बी जास्त भरतं असं तिच्या भावाचं ठाम मत. पायवाटेच्या बाजूला बिनकाट्याची, हाजींच्या हातांसाठी. गावाकडून बी आणायला अर्ज, कागद, सगळं रीतसर झालं. सुजीतला फक्त आणायचं होतं.

"टाकून दे," काका म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी तिथं लोक पोहतील," मावशी म्हणाली आणि दोन ताटं घेऊन बसली. "शेतकऱ्याची लेक आहे मी. काटेरीचं बी टोकाला निमुळतं असतंय, बिनकाट्याचं गोल. बघितल्याबरोबर ओळखते."

हे ज्ञान तिला कुठून झालं ते तिच्या भावालाही माहीत नव्हतं. पण ड्यूटीवरून आली की ती ताटं घेऊन बसायची. डोळ्यांना चष्मा, मांडीवर टॉवेल, एकेक बी बोटानं डावीकडे किंवा उजवीकडे. मालिका चालू असायची, तिच्याकडे बघायला फुरसत नसायची. काका मधूनच डावीकडचं एक उचलून उजवीकडे टाकायचे आणि मावशी न बघता म्हणायची, "ठेवा परत." सुजीतला तर सगळ्या बिया सख्ख्या बहिणी वाटत होत्या. पण मावशीचा चेहरा असा, की शंका काढायची हिंमत नव्हती.

नोव्हेंबरात ऊन मवाळ झालं आणि पेरणी झाली. बागेत नावेद नावाचा मुलतानकडचा माणूस राहतो, खजुरांचं तोच सगळं बघतो. त्यानं पाणी सोडायचं कबूल केलं. पाणी मचूळ; जमिनीवर वाळलं की पांढरी साय धरायची. "बाजी, इस पानी में तो खजूर भी मुँह बनाता है," तो म्हणाला. करडईनं मात्र तोंड वाकडं केलं नाही. हिरवीगार उगवली. दाट झाली तेव्हा मावशीनं विरळणी केली आणि उपटलेल्या कोवळ्या रोपांची लसूण घालून भाजी केली. खालच्या मजल्यावर स्मिताताई राहतात, पुण्याच्या, त्यांचे मिस्टर बँकेत. त्यांनी एक वाटी चाखली आणि विचारलं, "ही ऑरगॅनिक आहे का हो?"

"न्हाई हो ताई, हाजीची आहे," मावशी म्हणाली.

त्या आठवड्यात मावशीचे पाय जमिनीला लागत नव्हते. लॅबमध्ये, लिफ्टमध्ये, बौद्ध मंडळाच्या ग्रुपवर, जिथं तिथं तिच्या पट्ट्याचे फोटो. कुणी म्हणालं, पालक का? कुणी म्हणालं, मुळा का? तिनं प्रत्येकाला वेगळं उत्तर न देता ग्रुपवर एकदाच लिहिलं: "ही करडई आहे. बहरीनमध्ये मी लावली आहे."

जानेवारीत रोपं कमरेला आली, फांद्या फुटल्या आणि वरच्या पानांना धार आली. एका शुक्रवारी मावशी वाटेच्या बाजूनं चालत होती, म्हणजे बिनकाट्याच्या बाजूनं, म्हणजे जिथं तिनं चष्मा लावून निवडलेलं गोल बी पेरलं होतं त्या बाजूनं. तिची ओढणी अडकली. सोडवली, पुढं गेली, परत अडकली. ती खाली वाकली. एक रोप गुळगुळीत, त्याला खेटून दुसरं काटेरी, मग परत दोन गुळगुळीत. ती कुंपणाकडे गेली. तिथंही तेच. बघितल्याबरोबर ओळखलेलं सगळं बी पुन्हा जसंच्या तसं एकमेकांत मिसळून बसलं होतं.

सुजीतनं मोठ्या मनानं तोंड बंद ठेवलं. हे त्याला जमलं याचा त्याला आजही अभिमान आहे.

नेमके त्याच दिवशी हाजी आले. काठी टेकत, अंगावर जाड कोट. त्यांना वाटेवरून बोंडं दिसली, अजून हिरवी, मिटलेली. म्हातारा माणूस लहान मुलासारखा पुढं झाला आणि हात घातला. मावशी "हाजी, रुको" म्हणेपर्यंत बोटात काटा गेला होता.

काटा एवढासा. पण हाजींचं रक्त लवकर थांबत नाही, हे त्यांच्यापेक्षा मावशीला जास्त माहीत. तिनं ओढणीचा पदर दाबून धरला. हाजी हसत होते. "बुश्बा, लॅब में तेरा सुई, इधर भी तेरा सुई?" मावशी हसली नाही. दाबून धरलेला पदर लाल होत गेला आणि गाडी लावून आलेल्या जाफरनं नेमकं तेच पाहिलं. तो ओरडला नाही. वडिलांचा हात बघितला, पट्ट्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सिस्टर, थँक्यू फॉर एव्हरीथिंग. पण आता खलास. पुढच्या महिन्यात तलावासाठी जागा मोजायला माणूस येईल." हे तो इंग्रजीत म्हणाला, सुजीतनं मराठीत मावशीच्या कानावर घातलं, तसं ते जास्तच कडू लागलं.

जाताना हाजींनी गाडीची काच खाली केली. "बुश्बा, अम्मा का उस्फुर में काँटा मफी," ते म्हणाले. मफी, म्हणजे नव्हताच. तक्रार म्हणून नाही, आठवण म्हणून. पण मावशीला ते काट्यापेक्षा खोल लागलं.

परतताना गाडीत सुजीत म्हणाला, "मावशी, सगळी काटेरी उपटून टाकू. हाजी खूश."

"आणि शेळ्या?"

"मग सगळी राहू दे."

"आणि हाजीचा हात?" ती खिडकीबाहेर बघत होती. "सगळी काटेरी काढली की पट्टा होतोय टकला. जाफरला टकलाच पायजे. आणि ठेवली की म्हातारा बोट लावू शकत नाही. निवड चुकली सुज्या. तुझी पण आणि माझी पण."

"माझी जरा जास्त," सुजीत म्हणाला.

"तुझी तर आहेच," मावशी म्हणाली. थोड्या वेळानं तिनं पुढं बसलेल्या काकांना विचारलं, "अहो, तुमचे ते वेल्डिंगचे हातमोजे कुठंयत?"

बी बघून निवड चुकली होती. आता झाड बघून निवड करायची, एवढा साधा तिचा हिशेब होता. वाटेच्या बाजूला उभं राहून हाजींचा हात जिथवर पोचेल तिथवर एकही काटेरी झाड ठेवायचं नाही. तिथून पुढं कुंपणापर्यंत एकही काढायचं नाही. ड्यूटी सुटली की काकांची जुनी गाडी बुदैयाकडे. मावशी कोपरापर्यंत चामड्याचे हातमोजे घालून वाकायची, पान उलटं करून बघायची, काटेरी असलं की बुडाशी धरून उपटायची. सुजीत उपटलेली झाडं ओढून नावेदच्या ढिगावर टाकायचा आणि अंगभर ओरखडे घेऊन घरी यायचा. नावेदला आधी हे वेडाचार वाटले. "बाजी, अच्छी भली फसल को मार रही हो," तो म्हणाला. मग दुसऱ्या दिवशी तोच गुडघ्यावर बसून उपटू लागला.

अडचण अशी, की वाटेच्या बाजूची सगळ्यात जोमदार झाडं काटेरीच निघत होती. मधोमध एक असं होतं, की त्याच्या एकट्यावर ओंजळभर बोंडं. मावशी त्याच्याभोवती दोनदा फिरली. मोबाईल काढून त्याचा फोटो घेतला. मग खाली बसली आणि मोज्यातल्या हातांनी ते झाड उपटलं. "औशात असतं तर बापानं आरती केली असती याची," ती म्हणाली. बापानं जन्मात आरती केली नव्हती, हे सुजीतला माहीत होतं.

त्यानंतर वाटेची कड विरळ दिसू लागली. मध्ये मध्ये नुसती पांढुरकी माती. मावशी घरी येऊन गप्प जेवायची. एकदाच काकांना म्हणाली, "मी हातानं उजाड केली का हो जागा?" काका म्हणाले, "मला एसीतलं विचार." मग तिचा चेहरा बघून म्हणाले, "गॅस गळत असला तर आधी सगळा काढून टाकावा लागतो. मगच नवीन भरतो." हरिदासकाकांनी लग्नात उखाणासुद्धा घेतला नव्हता, त्यांच्या तोंडून हे म्हणजे खूपच झालं. मावशीनं त्यांना जास्तीची भाकरी वाढली.

फेब्रुवारीत मोकळी जागा मिळालेली बिनकाट्याची झाडं पसरली. फांद्यांनी माती झाकली आणि एका सकाळी नावेदनं फोटो पाठवला. पिवळं फूल. मग रोज एक फोटो: पिवळं, मग नारिंगी, मग काठाला लाली.

मोजणीचा शुक्रवार उजाडला. मावशीनं लग्नकार्याची पैठणी नाही, पण त्याच्या एक पायरी खालची साडी नेसली होती. "मोजायलाच येणार आहेत ना," ती म्हणाली, "मग बघून मोजू देत." जाफर इस्त्रीच्या शुभ्र थोबमध्ये, म्हणजे त्यांच्या पायघोळ झग्यात, बरोबर तलाव बांधणारा माणूस, हातात मोजपट्टी. हाजी मागून काठी टेकत. ते वाटेवर थांबले. समोर कमरेएवढी फुलं.

"हाजी," मावशी म्हणाली, "इधर हाथ डालो."

जाफर चटकन पुढं झाला. मावशीनं आधी आपला उघडा हात त्या झाडांत घातला, बोंडांवरून, पानांवरून फिरवला आणि तळवा जाफरसमोर धरला. कोरा. जाफर बाजूला सरला. हाजींनी काठी नावेदकडे दिली, दोन बोटांनी एका फुलाच्या लाल पाकळ्या चिमटीत धरल्या आणि ओढल्या. त्या अलगद आल्या. मग दुसऱ्या फुलाच्या. तिसऱ्या. त्यांच्या तळव्यावर लहानसा लाल ढीग झाला. मावशी त्यांच्या बोटांकडे बघत होती, लॅबमध्ये बघते तशी. रक्ताचा थेंब नव्हता.

तलाववाल्याला या सगळ्याशी देणंघेणं नव्हतं. त्याला माप हवं होतं. त्यानं मोजपट्टीचं एक टोक धरलं, दुसरं जाफरच्या हातात देऊन त्याला कुंपणाच्या बाजूनं आत यायला सांगितलं. जाफर चार पावलं आत आला आणि थांबला. थोबचा घेर दोन्हीकडून काट्यांत अडकला होता. मागं सरायला गेला तर मागचीही झाडं काटेरी. तो तिथंच हात वर करून उभा राहिला, पांढऱ्या कपड्यातला, चहूकडे फुलं. नावेदनं जाऊन काठीनं एकेक फांदी बाजूला करत त्याला सोडवलं. तो सोडवत असताना कुंपणापलीकडून एका शेळीनं मान आत घातली, एक पान हुंगलं आणि शहाण्यासारखी निघून गेली.

हाजी आधी पोटातल्या पोटात हसले, मग मोठ्यानं. मग बापलेकांचं अरबी सुरू झालं. लांबलचक. हाजींनी बागेच्या पलीकडच्या टोकाकडे, गाड्या लावायच्या जागेकडे हात केला. जाफरनं मान हलवली. हाजींनी पाकळ्यांची मूठ त्याच्या नाकाखाली नेली. जाफर थोबवरचे धागे चाचपत राहिला. त्या सगळ्या अरबीतलं सुजीतला एकच कळलं: शेवटी हाजी म्हणाले, "खलास." आणि तलाववाला मोजपट्टी गुंडाळत, आता तिथलं माप घ्यायला, गाड्यांच्या जागेकडे चालू लागला.

"बुश्बा," हाजी म्हणाले, "अगला साल कौन सा बीज डालेगा? काँटा या नो काँटा?"

मावशीनं पदर खोचला. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती जणू महिनाभर वाट बघत होती.

"दोनो, हाजी," ती म्हणाली. "लेकिन मैं खुद बाँधेगी पिशवी."

मार्चअखेर बी निघालं. तेलाचं काही जमलं नाही. बहरीनमध्ये घाणा सापडेना. मावशीनं घरच्या मिक्सरमध्ये प्रयोग केला, मिक्सर गेला आणि भिंतीवर तेल सोडून बाकी सगळं उडालं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. पण हाजींच्या घरून एक डबा आला, वर केशरी पाकळ्या पेरलेला भात. मावशीनं तो इमारतीत चार घरी वाटला. स्मिताताईंकडे देताना म्हणाली, "ऑरगॅनिकच आहे ताई, या खेपेला विचारून आले."

पुढच्या वर्षीचं बी तिनं झाडाझाडावरून वेगळं काढून ठेवलंय. काटेरीचं कापडी पिशवीत, तोंडाला निळा दोरा. बिनकाट्याचं हवाबंद बरणीत, झाकणाला पांढरा. सुजीतनं त्यांच्याजवळून जाताना खिशात हात घालून जायचं, असा घरचा नियम आहे.

परवा गोदाबाईंचा फोन आला होता. स्पीकर चालू. "हरिदास, चिवडा कसा झाला होता रे? खोबरं जळालं न्हवतं ना?"

काकांनी सुजीतकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "एक नंबर झाला होता अक्का," ते म्हणाले. "पुरवून पुरवून खाल्ला."

फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "जून महिन्यात जायलास ना सुट्टीवर? बरणी भरून आणायची. मी अक्काशी खोटं बोललोय."

सुजीतनं मान हलवली. बरणी कुठली नेणार, हे त्यानं विचारलं नाही. ती तर वर कपाटावर आहे, बिनकाट्याच्या बियांनी काठोकाठ भरलेली. चिवडा अजून द्यायचा राहिलाय.